रेंज फक्त भिंतीपाशी

माझे बाबा गेले तेव्हा मी एका वाळवंटाच्या कडेला बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खात होते. हे वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हटलं आहे की आता त्यानं रडू येत नाही, नुसती चीड येते. बाबा पुण्यात हॉस्पिटलमध्ये होते. सहा दिवस होते. हे मला सोडून घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि माझा नवरा माझ्या शेजारी बसून मुलीला लोणचं तिखट लागेल का याची काळजी करत होता.

नेदरलँड्समध्ये वाळवंट कुठलं, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं होतं. या देशाबद्दल आपल्या डोक्यात पाणी, गवत आणि सायकली एवढंच असतं. पण देशाच्या मधोमध जंगलाचा एक मोठा पट्टा आहे आणि त्या जंगलाच्या पोटात उघडी वाळू, नजर पोचेल तिथपर्यंत. जुन्या काळी लोकांनी तिथे मेंढ्या चारल्या, वरची माती खरवडून शेतांवर नेली, आणि मग वाऱ्यानं उरलेलं काम केलं. त्या वाळूच्या कडेला एक गाव आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या माणसांनी माझं काही वाईट केलेलं नाही, आणि त्यांच्या दारात आणखी पर्यटक धाडायची माझी इच्छा नाही.

आधीचं थोडं सांगायला हवं. माझी आई गेली तेव्हा आम्हाला आइंडहोवनला येऊन दोनच वर्षं झाली होती. दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा फोन आला होता की आईला जरा बरं नाहीये, जमलं तर येऊन जा. 'जरा' हा शब्द मी खरा धरला. मुंबईहून पुण्याला जाताना टॅक्सीवाल्याला थांबवून मी तिच्यासाठी चिक्कीसुद्धा घेतली. सोसायटीच्या जिन्यात चपलांचा ढीग दिसला तेव्हा मला कळलं. नंतर सगळे म्हणाले, एवढ्या लांबचा प्रवास, तुला एकटीला कसं सांगणार होतो. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी दादाला आणि नवऱ्याला समोर बसवलं आणि सांगितलं की यापुढे काहीही झालं, कितीही वाईट असलं, तरी ते आधी मला सांगायचं. मी रडेन, ओरडेन, भिंतीवर डोकं आपटेन, ते माझं मी बघून घेईन. दोघांनी कबूल केलं. नवऱ्यानं तर माझा हात हातात घेऊन शब्द दिला.

दुसऱ्या लाटेतला तो एप्रिल सगळ्यांनाच आठवत असेल. इथे बसून आम्ही तो फोनच्या काचेतून बघत होतो. सकाळी डोळे उघडले की आधी कुणाला तरी ऑक्सिजनचा बेड हवा असलेला मेसेज, मग कुणाचा तरी फोटो आणि त्याखाली भावपूर्ण श्रद्धांजली. भारतातून इकडे येणारी विमानं बंद झाली होती. म्हणजे मी जायचं म्हटलं असतं तर जाता आलं असतं, पण परत कधी येता येईल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. मुलगी सात वर्षांची होती. या सगळ्याचा हिशेब माझ्या डोक्यात रोज चालायचा, आणि त्याचं उत्तर रोज एकच यायचं: बाबांना काही झालं तर मी जाईन, पुढचं पुढे. नवऱ्याला मी हे एकदा जेवताना स्पष्ट सांगितलं होतं. त्यानं आमटी वाढून घेतली.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. लोकांनी केलेल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. आणि सहा दिवस मी काय ऐकून घेतलं बघा. बाबांचा फोन दुरुस्तीला दिलाय. बाबा आत्ताच झोपले. बाबा अंघोळीला गेलेत. बाबा लस घेऊन आलेत, अंग दुखतंय, बोलायचा कंटाळा करतायत. रोज सकाळी न चुकता फुलांचा फोटो पाठवणारा माणूस सहा दिवस गप्प होता आणि मी म्हणत होते, जाऊ दे, दुकानं बंद आहेत, फोन दुरुस्त व्हायला वेळ लागणारच. दादा इतक्या सहज बोलायचा की मला एकदाही शंका आली नाही. खरं सांगायचं तर एकदा आली. मी नवऱ्याला विचारलं, बाबा बरे असतील ना रे? तो म्हणाला, काही असतं तर दादा बोलला नसता का?

सहाव्या दिवशी, शनिवारी, नवऱ्यानं सकाळीच जाहीर केलं की आज बाहेर जायचं. घरात बसून आपण तिघं वेडे होऊ, म्हणाला. त्यानं जागाही शोधून ठेवली होती, वाळवंट आणि वाळवंटातलं ओस पडलेलं गाव, आणि हे ऐकून मुलगी उड्या मारायला लागली. वर त्याची एक अट होती, आज दिवसभर फोन बघायचा नाही. दोघांचेही फोन गाडीच्या कप्प्यात, त्याचा फक्त नकाशापुरता बाहेर. मला ते इतकं आवडलं की मी त्याला जवळ घेतलं. इतके दिवस मला कुणीतरी म्हणायला हवं होतं की बाई, ठेव तो फोन. निघण्याआधी मी दादाला फोन केला. बाबा देवपूजेला बसलेत, तो म्हणाला. मी म्हटलं, त्यांना सांग मी संध्याकाळी करते.

दीड तासाचा रस्ता. शेवटी शेवटी नकाशा अडकला, फोनची रेंज गेली होती. जंगल संपलं आणि एकदम वाळू आली, पांढरट, भरड, मधूनच एखादं वाकडं पाइनचं झाड. मुलगी बूट काढून टेकडीवरून घसरायला लागली आणि मला डच भाषेत बोलावू लागली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्येच येतं. आम्ही खाऊन घेतलं. मग नवरा म्हणाला, तुम्ही गावात व्हा पुढे, मी गाडी नीट लॉक केली का बघून येतो.

गाव म्हणजे एकच रस्ता. दोन्ही बाजूंना मिळून वीसेक घरं, लाल कौलांची, एकसारखी. डच लोक पडदे लावत नाहीत, त्यामुळे इथे कुठल्याही गल्लीतून चालताना घरोघरचे सोफे आणि फुलदाण्या दिसतात. इथेही पडदे नव्हते, पण आत काहीच नव्हतं. समोरच्या खिडकीतून बघितलं की थेट मागच्या खिडकीतून पलीकडची वाळू दिसायची. तरी रस्ता झाडलेला होता. दिव्याचे खांब धड होते. तीन-चार दारांसमोर कचऱ्याचे डबे नंबर घालून उभे होते, म्हणजे तेवढ्या घरांत माणसं होती. मुलीनं विचारलं की या लोकांना भीती नाही का वाटत. मी म्हटलं, कुणाची वाटेल, कुणी आहेच कुठे.

शेवटच्या घरासमोर बाकावर एक आजीबाई बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, पायांत लाकडी तळाचे बूट, मांडीवर शब्दकोडं. मी डचमध्ये नमस्कार केला. टाळेबंदीत मी ऑनलाइन भाषा शिकत होते, इथल्या परीक्षेसाठी, आणि जिवंत माणसावर ती वापरून बघायची संधी वर्षभरात मिळालीच नव्हती. त्यांनाही बोलायला कुणी हवंच होतं. त्यांनी आम्हाला दीड मीटर अंतरावरच्या दुसऱ्या बाकावर बसवलं, थर्मासमधली कॉफी दिली, डबा उघडून दोघींना एक-एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. या देशात दुसरं बिस्किट मिळत नाही, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं.

त्यांनी गावाची गोष्ट सांगितली. शंभर वर्षांपूर्वी इथे मोठे मनोरे होते, समुद्रापलीकडच्या वसाहतींशी रेडिओवरून बोलायला. त्या मनोऱ्यांवर काम करणाऱ्यांसाठी हे गाव वसवलं. त्यांची आई कॉल जोडून द्यायची. लोक तिकडे गेलेल्या मुलांशी बोलण्यासाठी कितीतरी आधी नंबर लावायचे, आणि मिळालेल्या मोजक्या मिनिटांतली अर्धी नुसती रडण्यात जायची, असं आई सांगायची. मग उपग्रह आले, मनोरे पाडले, माणसं कामाच्या मागे निघून गेली. पोरं रॉटरडॅमला बोलावतात, त्या म्हणाल्या, पण मला तिथली गर्दी नको. मी हसून म्हटलं, आणि आता तुमच्या या गावात फोनलाच रेंज नाही. आजी म्हणाल्या, आहे की. माझ्या घरामागे विटांची भिंत आहे ना, तिच्यापाशी उभं राहिलं की येते. सगळं गाव तिथे येऊन फोन करतं. नको असलं तरी मला सगळ्यांचं सगळं ऐकू येतं.

त्या भिंतीचं सांगत होत्या तेवढ्यात नवरा आला, ऐकत बसला, आणि पाच मिनिटांत पुन्हा उठला. गाडीतून पाण्याची बाटली आणतो, म्हणाला. गाडी उजवीकडे होती. तो घराला वळसा घालून डावीकडे गेला, आणि मी त्याच्याकडे बघत बघत कॉफी पीत राहिले. आजी मुलीसाठी दूध आणायला आत गेल्या. त्यांना जरा वेळ लागला. मला वाटलं, वय झालंय, लागणारच.

त्या परत आल्या तेव्हा हातात दूध नव्हतं. बसल्याही नाहीत. माझ्यासमोर, ते दीड मीटर राखून, नीट उभ्या राहिल्या, उजवा हात छातीवर ठेवला आणि म्हणाल्या, "गेकोन्डोलेर्ड, मेव्हराऊ. तुमच्या वडिलांबद्दल."

कुणी गेलं की इथे हेच म्हणतात, तोंडावर, आडवळण न घेता. आम्हाला तो धडा होता. समोरच्यानं असं म्हटलं की काय उत्तर द्यायचं तेही त्या धड्यात होतं. आणि मी ते दिलं. मी म्हटलं, "डांक यू वेल." धन्यवाद. हुशार विद्यार्थिनीसारखी. बाबा गेल्याचं मला कळलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द धन्यवाद असा निघाला.

मग मी त्यांना विचारलं, माझ्या वडिलांबद्दल म्हणजे काय? त्यांचा चेहरा उतरला. भिंतीपाशी तुमचे यजमान फोनवर रडत होते, त्या सांगायला लागल्या, मी मागच्या दारातून विचारलं, वाईट बातमी आहे का, तर ते म्हणाले, सासरे गेले, आत्ताच, भारतात. हे सांगता सांगता त्यांनाच राग आला. त्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगायच्या आधी त्यांनी मला का सांगितलं?"

मग आजींनी बिस्किटांचा डबा उघडला, मुलीच्या मांडीवर ठेवला, तिच्या शेजारी येऊन बसल्या, अंतराचा नियम मोडून, आणि मला हातानं खूण केली की जा तुम्ही.

तो भिंतीला पाठ लावून उभा होता. मला बघितल्यावर त्यानं फोन खिशात घातला. तेव्हासुद्धा खिशात घातला.

"कधी?" मी विचारलं.

"बारा वाजता."

"कुठले बारा?"

"आपले," तो म्हणाला. "इथले."

म्हणजे पुण्यात साडेतीन. म्हणजे सकाळी मी दादाशी बोलले तेव्हा बाबा होते. आम्ही गाडीत बसलो तेव्हा होते, दीड तास रस्ता कापत होतो तेव्हा होते, मुलगी टेकडीवरून घसरत होती तेव्हाही होते. कुणी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला असता तर मी त्यांना दिसले असते. मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? तो म्हणाला, पहिल्या दिवसापासून. मग तो पुष्कळ बोलला. तू निघाली असतीस. जाऊन तुला हॉस्पिटलच्या आतही सोडलं नसतं. तिकडे अडकली असतीस, तुलाही झालं असतं, मग पोरीचं काय, माझं काय. सगळं खरं होतं. एकेक मुद्दा बिनतोड होता, आणि तो मी ऐकला असता, भांडले असते, कदाचित हरलेही असते. मला हरायची संधी त्यानं दिली नाही. मी विश्वासानं मान दिली आणि तू केसानं गळा कापलास, असं मी त्याला म्हटलं. तो रडत होता. मला त्याच्या रडण्याची कीव आली नाही, किळस आली. माझ्या बाबांसाठी माझ्याआधी तो रडून मोकळा झाला होता.

मी हात पुढे केला आणि त्यानं फोन दिला. भिंतीला चिकटून मी दादाला फोन लावला. तो कुठल्यातरी रांगेत उभा होता, मागे रुग्णवाहिकांचे आवाज येत होते. मला वाटलं होतं की मी त्याला फाडून खाईन. पण त्याचा आवाज इतका थकलेला होता की मी फक्त विचारलं, शब्द दिला होतास ना? दादा म्हणाला, "अगं, तू एवढ्या लांब. तू काय करणार होतीस?"

आईच्या वेळी हाच प्रश्न होता. लांब राहणाऱ्या मुलीला दुःख पोचवायचं नाही, ते आपण इथे वाटून घ्यायचं, ही आमच्या घरची माया आहे. ती मायाच आहे, हे मी नाकारत नाही. पण तिच्यात मी घरची राहत नाही. पाहुणी होते. पाहुण्यांपासून घरातलं आजारपण लपवतात, तसं मला सांभाळलं गेलं.

आता त्याला काही वर्षं झाली. आम्ही अजून एकत्र राहतो. मैत्रिणी म्हणतात की त्याचा हेतू चांगला होता, मुलीचा विचार केला बिचाऱ्यानं. त्याचं न सांगणं मी समजून घेऊ शकते. त्या भिंतीपाशी जे बोलला तेही. सहा दिवसांच्या थापासुद्धा एखाद्या बऱ्या दिवशी मी सोडून देते. जे सोडता येत नाही ते मी परतीच्या वाटेवर गाडीत वाचलं. त्याचा फोन माझ्याच हातात राहिला होता आणि त्यानं तो परत मागितला नाही.

'बाबा अपडेट्स' नावाचा ग्रुप होता. दादा, वहिनी, काका, आत्या, चुलत भावंडं, आणि माझा नवरा धरून चौदा जण. वहिनीचा पहिला मेसेज होता की हिला यात घेतलेलं नाही, सर्वांनी बोलताना सांभाळून. आत्यानं लिहिलं होतं, बरोबर केलंत, पोरगी तिकडे एकटी. मग रोजचा ताप, ऑक्सिजनचे आकडे, डॉक्टर काय म्हणाले. मी एकेक दिवस वर सरकवत वाचत होते. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती. नवरा रस्त्यावरून नजर हलवत नव्हता.

आदल्या दुपारी दादानं लिहिलं होतं: बाबा सारखे तिचं नाव घेतायत. सिस्टर म्हणतात, व्हिडिओ लावून देते, दोन मिनिटं बोलू दे. काय करू?

वीस मिनिटं कुणी उत्तर दिलं नव्हतं. मग माझ्या नवऱ्यानं दिलं होतं: बोलली तर तिला सगळं कळेल आणि ती निघेल. त्यापेक्षा त्यांना सांग, तिला विमानात बसवलंय. बरं वाटेल त्यांना.

त्याखाली अंगठे. काकांचा, आत्याचा, सगळ्यांचा. मग संध्याकाळी दादा: सांगितलं. फार खूश झाले. आज दोन घास जास्त खाल्ले. रात्री पुन्हा दादा: सारखे विचारतायत, कुठवर आली असेल.

शेवटून दुसरा मेसेज त्या दिवशी सकाळचा होता, इथल्या साडेआठचा, आम्ही डबा भरत होतो तेव्हाचा. दादानं लिहिलं होतं: बाबांचा तिच्यासाठी निरोप आहे. सिस्टरनी कागदावर लिहून घेतला. 'उतरलीस की इकडे धावत येऊ नको. इथली हवा चांगली नाही. आधी घरी जा, पोटभर जेव, मी इथेच आहे.'

त्याखाली जोडलेले हात होते. मी ते मोजले. बारा होते, आणि तेरावे माझ्या नवऱ्याचे होते.